अशिलांचे बोलणे आणि आमची लेखणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान, किंचित संक्षेप करून)



मंडळाच्या चिटणिसांनी या संमेलनात लेखनव्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत असे सुचविले, तेव्हा आम्ही त्यांस प्रांजळपणे सांगितले की, आम्ही लेखणीवर पोट भरतो हे खरे, परंतु ज्यांची पुस्तके ग्रंथालयात असतात त्यांतले आम्ही नव्हे. आमचे सारे वाङ्मय दुय्यम निबंधकांच्या दप्तरात आणि लोकांच्या घरच्या लोखंडी पेट्यांत पडून आहे. त्यावर आमचे नाव असलेच तर अगदी तळाशी, 'बिकलम' या शब्दापुढे. इतर लेखकांना आपले लिखाण पुन्हा पुन्हा वाचले जावे असे वाटते. आमची इच्छा नेमकी उलट. दस्त पेटीतून काढून वाचण्याची वेळ येते ती बहुधा भांडणाच्या दिवशीच. चिटणीस हसले आणि म्हणाले, "मग तेच सांगा." तेव्हा तेच सांगतो.

आमच्या घरी दस्तलेखनाचा व्यवसाय तीन पिढ्यांचा. आजोबा मोडीत लिहीत, वडील बाळबोधीत, आणि आम्ही १९७८ साली अलिबागेस वडिलांच्या शेजारच्या चटईवर बसलो ते आज संगणकाच्या पडद्यापुढे बसतो. आमच्याकडे काम घेऊन येणाऱ्यास वडील 'अशील' म्हणत. 'गिऱ्हाईक' हा शब्द कोणी उच्चारला तर त्यांच्या कपाळास आठी पडे. त्या आठीचे कारण समजावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

आरंभी आमची समजूत अशी की, जाणता तो लेखक आणि अजाण तो अशील. त्याने नाव-गाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि रक्कम सांगावी. बाकीचे सारे वडिलांच्या मसुद्यांच्या वहीत तयार होतेच. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, कुलमुखत्यारपत्र, प्रत्येकाचा साचा ठरलेला. 'कारणे' पासून 'लिहून दिले असे' पर्यंत मजकूर असा वाहत येई की, मधल्या रिकाम्या जागा भरल्या की काम संपले. अशील त्याबाहेर काही बोलू लागला म्हणजे आम्ही मनातल्या मनात घड्याळाकडे पाहत असू.

या समजुतीस पहिला धक्का दिला तो अष्टागरातील एका वृद्ध बागाईतदाराने. मुलीच्या लग्नासाठी आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीचा अर्धा हिस्सा तो विकत होता. खरेदीखत लिहून झाल्यावर आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवू लागलो. जमिनीच्या दस्तात एक जुने वाक्य असते, आपणांपैकी अनेकांनी ते घरच्या कागदांत पाहिले असेल: सदर मिळकत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह दिली आहे. हे वाक्य आम्ही नेहमी एका दमात म्हणत असू, जणू संध्येतील चोवीस नावे. म्हातारबाबांनी हात वर केला व म्हणाले, "थांबा. एकेक शब्द सांगा." आम्ही सांगू लागलो. निधि म्हणजे जमिनीत पुरलेले द्रव्य, निक्षेप म्हणजे कोणी ठेवलेली ठेव. ते हसून म्हणाले, "ते असतं तर वाडी विकायला कशाला आलो असतो?" मग पहिल्या शब्दाशी परत आले. "जल म्हणजे विहीर का?" आम्ही होय म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. विहीर आणि रहाट विकल्या जाणाऱ्या हिश्श्यात होते, आणि उरलेल्या अर्ध्या वाडीतील पोफळी त्याच पाण्यावर जगत होत्या.

खरेदीदार समोरच बसला होता आणि माणूस सज्जन होता. त्याच्या मनातही पाणी तोडण्याचा विचार नव्हता, कारण विचारच कोणी केला नव्हता. मग तासभर बोलणे झाले. एकाआड एक दिवस पाण्याची पाळी कोणाची, पाट कोणत्या बाजूने जावयाचा, पाटाची डागडुजी कोणी करावयाची, रहाट मोडला तर खर्च कसा वाटावयाचा. पोफळीला उन्हाळ्यात पाण्याचा खंड किती दिवस सोसतो हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले, आणि ते कळल्यावाचून पाळीचे कलम लिहिताच आले नसते. आमच्या वहीत नसलेली अकरा ओळींची ती कलमे आम्ही लिहिली. ती आमच्या बुद्धीची नव्हती. सांगणारे ते दोघे, आम्ही केवळ त्यांचे बोलणे कायद्याच्या भाषेत बसविले. पुढे दोन्ही हिस्से पुढच्या पिढीकडे गेले तरी पाण्यावरून तेथे भांडण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यानंतर तरी आम्ही शहाणे व्हावयास हवे होते. झालो नाही. आता जे सांगतो ते सांगावे की नाही याचा आम्ही बराच विचार केला. परंतु आपल्याच माणसांत सांगावयाचे नाही तर कोठे?

१९९१ सालची गोष्ट. एक विधवा वृद्धा आपल्या मुलासह आली. राहते घर मुलाला बक्षीसपत्राने द्यावयाचे होते. मुलगा एकुलता, घर तिच्या नावावर, हेतू स्पष्ट, साचा तयार. त्या दिवशी कचेरीत गर्दी होती आणि मुलास दुपारच्या गाडीने मुंबईस परतावयाचे होते. आम्ही लिहीत होतो आणि आजी बोलत होत्या. ओटीच्या उजव्या कोपऱ्यात आपण उन्हाळ्यात आमसुले वाळवतो. माजघरातली खिडकी यजमानांनी आपल्यासाठी पाडून घेतली होती. रात्री झोप येत नाही म्हणून आपण पडवीत बसतो, तेथून समुद्राचा आवाज ऐकू येतो. आम्ही मान न वर करता म्हणालो, "आजी, ते कागदात येत नसते." त्या गप्प झाल्या. राजीखुषीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणावाचून बक्षीसपत्र लिहून दिल्याच्या मजकुराखाली त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठविला, आणि दोन प्रहरांच्या आत नोंदणी पुरी झाली.

सहा वर्षांनी त्या पुन्हा आल्या, एकट्या, हातात पिशवी. मुलाने घर मुंबईच्या एका गृहस्थास विकले होते. त्या सुमारास आमच्या बाजूला समुद्राजवळच्या घरांना अशी गिऱ्हाइके येऊ लागली होती. विकत घेणाऱ्याची काही चूक नव्हती. त्याने कागद पाहिला, कागद निष्कलंक होता. आजी आता बहिणीच्या मुलाकडे राहत होत्या, आणि त्यांना विचारावयाचे होते की त्या कागदात काही राहिले आहे का. आम्ही दस्त काढून पुन्हा वाचला. काहीही राहिले नव्हते. अक्षर सुरेख, चतुःसीमा बिनचूक, एकही खाडाखोड नाही. आम्ही काय बोलावे हे सुचेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंत ते बरोबरच होतं. मीच त्या दिवशी जास्त बोलत होते."

त्या जास्त बोलत नव्हत्या. त्या आम्हांस कलम सांगत होत्या. ओटी, माजघर, पडवी, झोप आणि समुद्राचा आवाज यांचा कायद्याच्या भाषेत अर्थ एवढाच होता की, देणाराने आपल्या हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला आहे. अशी एक ओळ त्या बक्षीसपत्रात असती, तर पुढे विकत घेणारासही तो हक्क मान्य करूनच घर घ्यावे लागले असते. ती ओळ लिहिण्यास आम्हांस अर्धे मिनिट लागले असते. गाडी चुकली नसती.

पुढे २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या तेविसाव्या कलमात अशी तरतूद आहे की, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असून घेणारा सांभाळ करीत नसेल, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द ठरविता येते. मात्र ही अट होती हे कशावरून समजावयाचे, याविषयी बराच ऊहापोह झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अट सिद्ध झाली पाहिजे यावर भर दिला, तर २०२५ साली कायद्याच्या हेतूकडे पाहून उदार अर्थ घेतला. आपण आमचे ऐकाल तर ही चर्चा न्यायालयांवर सोडा आणि अट दस्तातच लिहवून घ्या. आणि आजींना त्याचा काहीही उपयोग नव्हता. कायदा झाला तेव्हा त्या हयात नव्हत्या, आणि असत्या तरी तो मागील दस्तांना लागू नाही.

त्या दिवसापासून आम्ही एक रीत पाळतो. पहिला अर्धा तास लेखणीचे टोपण काढावयाचे नाही. अशील काय काय बोलेल ते बोलू द्यावयाचे. वृद्ध माणूस मुलासह आला असेल तर मुलास काहीतरी निमित्त काढून बाहेर धाडावयाचे. मुद्रांक आणावयास, झेरॉक्स काढावयास, निदान चहा सांगावयास. ही लबाडी आहे हे आम्हांस मान्य आहे. आणि मग एकच प्रश्न विचारावयाचा: "हा कागद झाला, उद्या सकाळी उठल्यावर आपण कोठे असाल आणि काय करीत असाल?" या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस जे सांगतो, त्यातच बहुधा त्याचा खरा दस्त असतो.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. तेथे अक्षर, शाई, कागद, बांधणी यांचा बारकाईने विचार आहे, आणि आमच्या वडिलांनी तो समास आमच्याकडून पाठ करवून घेतला होता. परंतु नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची, तिचा समास चौथ्या दशकाच्या आरंभी येतो. दशकांच्या अनुक्रमात ऐकणे आधी, लिहिणे मागाहून. वडिलांनी आम्हांस उलट्या क्रमाने शिकविले असे आम्ही विनोदाने म्हणत असू.

अशिलांच्या बोलण्याने आमच्या पदरात ज्ञान किती पडले त्याचा हिशेब करणे कठीण. एका खारजमिनीच्या दस्तात आम्ही 'पश्चिमेस खाडी' असे लिहिले. विकणारा आगरी शेतकरी, शाळेत फारसा न गेलेला. त्याने विचारले, "खाडी कुठली? उधाणाची का भांगाची?" अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी जेथवर येते आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला जेथवर येते, त्यांत सपाट खाजणात कितीतरी अंतर पडते. आमच्या सीमेला दिवसाच्या तिथीप्रमाणे हलण्याची मुभा होती! मग त्याच्याच सांगण्यावरून 'बाहेरील बांधाचा पायथा' असे लिहिले. तेवढ्यावर तो थांबला नाही. "आणि उघाडी कोणाची?" शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडणारे व भरतीचे खारे पाणी अडविणारे ते दार. ते नादुरुस्त राहिले तर खारे पाणी आत शिरून शेत नापीक होते. त्याची जबाबदारी दस्तात लिहिली नाही तर पहिल्या मोठ्या उधाणाला भांडण ठरलेले. गडगा, पाणंद, परडे, वरकस, उघाडी हे शब्द आम्ही कोशातून घेतलेले नाहीत. ज्यांनी ते शब्द हाताळले, त्यांनी ते आमच्या चटईवर आणून ठेवले. त्या शेतकऱ्याने आम्हांस लिहिणावळ दिली. हिशेबाने पाहता आम्हीच त्यास काही द्यावयास हवे होते.

पश्चिमेकडील एक उदाहरण येथे आठवते. सॅम्युएल रिचर्डसन हा इंग्रजी कादंबरीचा एक आद्य लेखक, व्यवसायाने मुद्रक. तेरा वर्षांचा असताना तो आसपासच्या तरुणींची प्रेमपत्रे लिहून देत असे. त्या मुली त्यास विश्वासाने मनातले सांगत, आणि सांगितले ते लिहू नकोस असेही बजावीत. पन्नाशीनंतर १७४० साली त्याने 'पामेला' ही पत्ररूप कादंबरी प्रसिद्ध केली. आमच्याकडून कादंबरी होण्याचा संभव नाही, आणि अशिलांची गुपिते बाहेर काढणे आमच्या धर्मात बसत नाही. आज जे सांगतो आहोत तेही नाव-गाव पुसून.

आता एक विषय असा की, तो या सभागृहात काढल्यास काही जणांस रुचणार नाही. हक्कसोडपत्र. आपल्या ज्ञातीत हे दस्त बरेच होतात, आणि बहुधा दिवाळीत किंवा गणपतीत होतात, कारण तेव्हा बहिणी माहेरी आलेल्या असतात. १९९४ साली महाराष्ट्राने आपल्यापुरता, आणि २००५ साली केंद्राने साऱ्या देशासाठी, वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. २००५ साली वडील हयात नसले तरी तो हक्क बाधित होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. परंतु भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाऊ तिला आमच्याकडे आणतो, आणि ती विचारते, "सही कुठे करू?"

पूर्वी आम्ही जागा दाखवीत असू. आता विचारतो, "ताई, काय सोडता आहात ते आपणांस ठाऊक आहे ना?" एकीने दिलेले उत्तर आम्ही विसरू शकत नाही. ती म्हणाली, "माहेर सुटत नाही ना, एवढं सांगा." आम्ही काय सांगणार? त्याचे कलम कोणत्याही वहीत नाही. आम्ही तिला क्षेत्र, आकारणी, बाजारभाव आणि तिचा हिस्सा किती येतो ते सांगितले. तिने सारे शांतपणे ऐकले आणि सही केली. तो तिचा अधिकार होता, आणि ऐकून घेतल्यावर केलेली सही ही न ऐकता केलेल्या सहीहून निराळी असते असे आम्ही स्वतःस समजावतो. दुसऱ्या एका घरच्या बहिणीने मात्र हिस्सा ऐकला, थोडी थांबली, आणि "मी विचार करून येते" म्हणून उठली. ती आली नाही. तिच्या भावाने त्यानंतर आमच्याकडे काम आणले नाही, आणि त्याच्या ओळखीच्या चार घरांनीही नाही. त्यांतील काही मंडळी आज येथे असतील तर त्यांस आमचा नमस्कार. आमची चटई अजून तेथेच आहे.

मृत्युपत्राविषयी थोडेसे. मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागदही चालतो. इतके सोपे असल्यामुळेच लोक ते अखेरच्या घटकेपर्यंत लांबवितात. बाबा महाराज यांनी ७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्यास मृत्युशय्येवर केलेले मृत्युपत्र आपणांस इतिहासात ठाऊक आहे. त्याचे एक विश्वस्त म्हणून लोकमान्य टिळक ताईमहाराज प्रकरणात गुंतले, खोट्या साक्षीच्या आरोपातून १९०४ साली सुटले, आणि दत्तकाचा निर्णय प्रिव्ही कौन्सिलात त्यांच्या बाजूने लागला तो १९१५ साली. एका दिवसाच्या कागदाने लोकमान्यांसारख्या पुरुषाची अठरा वर्षे घेतली, तेथे आपली काय कथा. मृत्युपत्र धडधाकट असताना करावे, आणि एका बैठकीत करू नये. पहिल्या बैठकीत माणूस मिळकत सांगतो. कोणाला का द्यावयाचे, आणि कोणाला का नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत निघते, तेही उठता उठता, दारात चपला घालताना.

हल्ली तरुण मंडळी विचारतात की, मसुदे मोबाईलवर फुकट मिळतात, भाडेकरार तर घरबसल्या नोंदविता येतो, मग तुमचा धंदा किती दिवस चालणार? मसुदे आमच्या वडिलांच्या वहीतही फुकटच होते. ज्याला पाहिजे तो येऊन उतरून घेई, वडील नाही म्हणत नसत. धंदा चालेल न चालेल, आमची तक्रार नाही. छापील मसुदा घेऊन येणाऱ्यासही आम्ही बसा म्हणतो.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. गेली सात वर्षे त्यांचे मृत्युपत्र चालले आहे. दर वर्षी पावसाळा संपला की येतात, मागचा मसुदा ऐकतात आणि एखादे नाव बदलतात. 'अक्कलहुशारीने' हा शब्द आला की म्हणतात, "हा काढा, माझ्या विद्यार्थ्यांनी वाचला तर हसतील." दोन मुलगे, एक मुलगी, एक पुतण्या, आणि एक असा विद्यार्थी ज्याचे नाव ते दर वर्षी घालतात आणि दर वर्षी काढतात. का, ते अद्याप सांगितलेले नाही. गेल्या आश्विनात आले तेव्हा आम्ही मसुदा काढून पुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, "आज लिहायचं नाही. आज त्या मुलाविषयी सांगतो." आम्ही लेखणीला टोपण लावले आणि दोन चहा सांगितले.